रमाईचे पंढरपूर आणि आपले घर



आषाढाच्या तोंडावर बारामतीचे रस्ते माणसांनी भरून जातात. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडीवरून बारामतीला मुक्कामाला येते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी सराटीला नीरा नदी. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. आपल्या दोन्ही तालुक्यांतून काही दिवस टाळमृदंगाचा आवाज चालूच असतो.

ज्या घरांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना हे दिवस जड जातात. चुलते दिंडीत निघालेले असतात. आत्या निरोप पाठवते, की घराण्याच्या वारीत आजवर खंड पडला नाही, निदान इंदापूरपर्यंत तरी पावले टाका. शेजारीण विचारते, की एकादशीचा उपास तरी धरणार ना. म्हातारी सासू कोणाला काही बोलत नाही. टाळांचा आवाज आला की दारात जाऊन उभी राहते आणि पदराने डोळे पुसते. सुनेला वाटते, आपणच तिचा देव हिरावून घेतला की काय!

एकादशीनंतर चार दिवसांनी आषाढी पौर्णिमा येते आणि आपला वर्षावास सुरू होतो. विहारात, समाजमंदिरात, नाहीतर कोणाच्या ओसरीवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन मांडले जाते. पहिल्या दिवशी बसायला जागा नसते. दुसऱ्या आठवड्यात पाच-सात माणसे उरतात. कारणे खोटी नसतात. आडसाली उसाची लागण चालू असते, खुरपणीला जावे लागते, कारखान्यातली पाळी बदललेली असते, लेकराला ताप असतो, पाहुणे आलेले असतात. आश्विन पौर्णिमा येईपर्यंत ग्रंथ फडताळात गेलेला असतो. मग आपण म्हणतो, घरचा व्याप जरा कमी होऊ द्या, पुन्हा सुरू करू.

घरचा व्याप कधी कमी होतो काय? हा प्रश्न मनात ठेवून आज आपण एका बाईचे चरित्र पाहू. तिचा व्याप मरेपर्यंत कमी झाला नाही. तिच्या कामात मात्र खंड पडला नाही. आणि तिलाही पंढरपूरला जायची फार इच्छा होती. ती बाई म्हणजे आपल्या सर्वांची माता, रमाई.

माशांची पाटी वाहणाऱ्याची लेक

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ वणंद नावाचे गाव आहे. तेथे ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव भिकू धुत्रे. त्यांना वलंगकर असेही म्हणत. दाभोळच्या बंदरावर माशांच्या पाट्या डोक्यावरून वाहण्याचे काम ते करीत. आईचे नाव रुक्मिणी. घरात शेतीवाडी नाही, सावकाराकडे पत नाही. बापाच्या मानेवर दिवसभर जे ओझे पडेल, त्यावर संध्याकाळची चूल पेटायची.

आई लवकर गेली. पाठोपाठ वडीलही गेले. पोरकी झालेली ही भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला भायखळ्याला आली. वाचकहो, आज आपल्या गावातून एखादे कुटुंब उचलून पुण्याच्या झोपडपट्टीत जाते तेव्हा त्या लेकरांचे काय होते ते आपण पाहतो. रमाईंचे बालपण तसेच गेले. शाळेची पायरी त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्यावेळच्या रीतीप्रमाणे आठ-नऊ वर्षांच्या वयात रमेचे लग्न झाले. मुलगा होता सुभेदार रामजी आंबेडकरांचा धाकटा भीमराव. तो तेव्हा शाळेत शिकत होता. लग्नाला मंडप नव्हता. भायखळ्याच्या बाजारातली मासळीची खरेदी-विक्री संपली, रात्र झाली, तेव्हा त्या उघड्या बाजारात दोन्हीकडची मंडळी जमली. एका कोपऱ्यात वराकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडचे. मासळी मांडायचे दगडी ओटे हीच बसायची बाके. खालून घाण पाण्याची गटारे वाहत होती. पहाटे कोळणी पाट्या घेऊन येण्यापूर्वी सारे आटोपून जागा मोकळी करून द्यावी लागली.

पुढे ज्याने या देशाची राज्यघटना लिहिली, त्याच्या लग्नाला एवढीच जागा मिळाली. आज आपल्या घरी लग्न निघाले की हळदीला अमुक पाहिजे, मानपानाला तमुक पाहिजे, नाहीतर पाहुणे हसतील, असा धाक वाटतो. त्या धाकापायी आपण कर्ज काढतो आणि विधी मात्र बौद्ध पद्धतीने केला म्हणून समाधान मानतो. तेव्हा भायखळ्याचा तो बाजार एकवार डोळ्यांपुढे आणावा.

परळच्या दोन खोल्या

संसार सुरू झाला तो मुंबईच्या चाळीत. पुढे परळला पोयबावडीजवळ सुधार ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या दोन खोल्या मिळाल्या. या दोन खोल्यांतच रमाईंचे बहुतेक आयुष्य गेले. एका खोलीत पुस्तके आणि अभ्यास, दुसऱ्या खोलीत चूल आणि सगळे माणूसपण.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंत जन्मला. रमाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. दीड-दोन महिन्यांतच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सासरे सुभेदार रामजी वारले. घराचा आधार गेला. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ साली लंडनला गेले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये परत आले. चार वर्षे घरात कर्ता पुरुष नाही. पंधरा वर्षांची आई, कडेवर सात महिन्यांचे मूल, भोवती मोठे कुटुंब आणि येणारा पैसा बेताचा.

या चार वर्षांत रमाईंनी काय केले? घर चालवले. हे दोन शब्द फार लहान दिसतात. पण तुमच्यापैकी ज्या भगिनींचे पती ऊसतोडीला, बांधकामावर किंवा फौजेत असतात, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ विचारा. पीठ किती दिवस पुरेल, दुकानदाराचे कोणाकडून मागायचे, पोराला औषध आणायचे की चाळीचे भाडे द्यायचे, हे हिशेब रोज सकाळी नव्याने मांडावे लागतात. आणि वर पुन्हा लोकांची बोलणी. बायकोला टाकून साता समुद्रापलीकडे गेला, आता कशाचा परत येतो, असे बोलणारी माणसे प्रत्येक चाळीत असतात आणि प्रत्येक वस्तीतही असतात.

बाबासाहेब परत आले तरी दिवस पालटले नाहीत. बडोद्याच्या नोकरीत त्यांचा जो छळ झाला तो सर्वांना माहीत आहे. १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली. चाळीतल्या माणसांना वाटले असेल, आता रमाबाईंच्या अंगावर सोने चढणार. पण लंडनचे शिक्षण अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी पैसा साठवायचा होता. म्हणून पगार चांगला असूनही घरखर्चाला मोजकीच रक्कम मिळे, आणि रमाई तेवढ्यात भागवीत. १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले. पुन्हा तीन वर्षे घर रमाईंच्या अंगावर. दीर आनंदराव वारल्यानंतर त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद हेही याच घरात होते. जाऊ-जाऊ एका चुलीवर राहिल्या आणि ते घर फुटले नाही.

त्या दिवसांत रमाईंनी शेण गोळा करून, पाट्या डोक्यावरून वाहून गोवऱ्या थापल्या. ही कोणी भाबडेपणाने रचलेली कथा नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९२८ साली 'बहिष्कृत भारत' पत्रात ते छापून सांगितले आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

लेकरे गेली, काम राहिले

रमाईंना पाच मुले झाली. त्यांतला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू ही लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न. तो बाबासाहेबांचाही फार लाडका होता. १९ जुलै १९२६ रोजी तोही गेला. या दुःखाने दोघेही खचले. ज्या घरात नीट औषधपाणी करायला पैसा नाही, हवा-उजेड नाही, तेथे मुले अशी जातात. हे नशीब नव्हे. गरिबी आणि अस्पृश्यता यांची ती किंमत होती.

आपल्या ग्रंथात किसा गोतमीची कथा आहे. मेलेले मूल छातीशी धरून ती औषध मागत फिरली. तथागतांनी तिला गंडादोरा दिला नाही, चमत्कार करून दाखवला नाही. दुःख सर्वांच्याच दारी आहे हे तिला स्वतः घरोघर जाऊन पाहायला लावले, आणि मग ती उभी राहिली. रमाईंचे दुःख तिच्याहून चौपट होते. पण पहा, राजरत्न गेल्यावर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना घेऊन पाण्यात उतरले. त्याच डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या घरातून हा पुरुष बाहेर पडत होता, त्या घरात एक आई चार लेकरांचे दुःख पोटात ठेवून रोजची चूल पेटवीत होती. महाडच्या तळ्याचा इतिहास लिहिताना त्या चुलीचा धूर विसरून चालणार नाही.

रमाई केवळ स्वतःच्या घरासाठी राबल्या असेही नाही. धारवाडला बळवंतराव वराळे दलित मुलांचे वसतिगृह चालवीत होते. रमाई तेथे काही दिवस राहायला गेल्या असताना, अनुदान वेळेवर न आल्याने मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली. ते कळताच रमाईंनी आपल्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि दागिने वराळ्यांच्या स्वाधीन केले आणि पोरांना जेवू घाला म्हणून सांगितले, अशी आठवण आजही सांगितली जाते. हाती जे चार दागिने आले होते, तेही असे गेले. चार मुले गमावलेल्या बाईला परक्यांची भुकेली मुले परकी वाटली नाहीत. यालाच आपल्या धम्मात करुणा म्हणतात. रमाईंना हा शब्द कोणी शिकवला नव्हता.

पंढरीची इच्छा

आता पंढरपूरची गोष्ट. नवदीक्षित कुटुंबांनी ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपली नेमकी अडचण तीच आहे.

रमाई त्या काळच्या कोणत्याही भाविक बाईसारख्या होत्या. पतीला यश यावे म्हणून शनिवारी उपास धरीत. आणि विठोबाचे दर्शन घ्यावे ही त्यांची मनापासून इच्छा होती. त्यांनी ती बाबासाहेबांना अनेकदा बोलून दाखवली. तेव्हा पंढरपूरची स्थिती काय होती? महारामांगांना देवळात प्रवेश नव्हता. महाद्वाराबाहेर चोखोबाची समाधी आहे, तेथेच डोके टेकून माघारी फिरायचे. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडे झाले ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केल्यानंतर. म्हणजे रमाईंच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

बाबासाहेबांनी त्यांना काय सांगितले? त्यांनी पत्नीच्या श्रद्धेची थट्टा केली नाही. अडाणी म्हणून हिणवले नाही. जे पंढरपूर आपल्या भक्तांना दाराबाहेर उभे करते तेथे कशाला जायचे, असे त्यांचे म्हणणे होते. आपण आपल्या शुद्ध आचरणाने, निःस्वार्थ सेवेने आणि पददलितांसाठी केलेल्या त्यागाने दुसरे पंढरपूर उभे करू, असे त्यांनी रमाईंना समजावले. एक गोष्ट नाकारताना तिच्या जागी दुसरी आणि अधिक मोठी गोष्ट त्यांनी ठेवली. आपण आपल्या सासूबाईंचे देव्हारे हलवतो, तेव्हा तेथे नुसती रिकामी भिंत ठेवतो की काही भरीव ठेवतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

रमाईंना ते दुसरे पंढरपूर पाहायला मिळाले नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झाले, चाळ सुटली, पण शरीर केव्हाच झिजून गेले होते. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. वय अवघे सदतीस वर्षांचे. अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली. बाबासाहेब त्या दुःखाने इतके विरक्त झाले, की त्यांनी मुंडण करून भगवी वस्त्रे धारण केली होती.

त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी घोषणा केली की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. ज्या देहूच्या पंचक्रोशीतून आपल्या दारावरची पालखी निघते, त्याच पंचक्रोशीत हे घडले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. ते दुसरे पंढरपूर असे उभे राहिले. रमाईंना जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. त्यांचा एकटा जगलेला मुलगा यशवंत, म्हणजे आपले भैयासाहेब, यांनी बाबासाहेबांच्या पश्चात भारतीय बौद्ध महासभेचे काम खांद्यावर घेतले आणि चैत्यभूमीच्या स्तूपासाठी ते झटले.

मग कोणी म्हणेल, रमाई तर बौद्ध नव्हत्या. त्रिशरण-पंचशील त्यांनी घेतले नव्हते. त्यांचे चरित्र आपण धम्माच्या पत्रात का वाचावे?

याचे उत्तर बाबासाहेबांच्याच ग्रंथात आहे. तेथे दहा पारमिता सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक वीर्य. वीर्य म्हणजे हाती घेतलेले काम पूर्ण शक्तीने करणे आणि मागे वळण्याचा विचारही न करणे. रमाईंच्या ठायी हे वीर्य होते. काम एकच होते, हे घर मोडू द्यायचे नाही, म्हणजे बाहेरचे मोठे काम मोडणार नाही. नातेवाइकांची बोलणी थांबतील तेव्हा करू, पैसा येईल तेव्हा करू, दुःख ओसरेल तेव्हा करू, असे त्या म्हणाल्या असत्या तर त्या कामाला सुरुवातच झाली नसती. व्याप थांबत नाही. व्यापाच्या मधूनच काम करावे लागते. आपल्याला दीक्षा मिळाली आहे. त्यांना दीक्षा नव्हती, पण आचरण होते. आपल्याकडे दीक्षा असून आचरणाला सवड नसेल, तर श्रीमंत कोण आणि गरीब कोण?

ओझे एकाच डोक्यावर नको

येथे एक धोका आहे. तोही सांगितला पाहिजे.

आपल्याकडे रमाईंच्या जयंतीला मोठी भाषणे होतात. वक्ता त्यागाचे वर्णन करतो, श्रोते डोळे पुसतात. आणि घरी गेल्यावर तोच वक्ता सुनेला सांगतो की रमाईसारखी सहन कर. बहिणींनो, रमाईंचे नाव असे वापरणाऱ्याला तुम्ही १९२८ सालच्या त्या लेखाची आठवण करून द्या. 'बहिष्कृत भारत' चालवण्यासाठी बाबासाहेब त्यावेळी एकटे रात्रंदिवस लिहीत होते. त्या लेखात त्यांनी आपण सोसलेल्या हालांबरोबर पत्नीचेही हाल सांगितले. आपण परदेशात असताना हिने रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली, परत आल्यावरही विपन्नावस्थेत शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहायला मागेपुढे पाहिले नाही, आणि अशा ममताळू पत्नीसाठी दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तासही आपण देऊ शकलो नाही, अशी कबुली त्यांनी हजारो वाचकांपुढे दिली. पुढे १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्याच स्मृतीस अर्पण केला, आणि मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत तिने दाखवलेल्या धीराची त्यात नोंद केली.

याचा अर्थ काय? बाबासाहेबांनी तो त्याग आपला हक्क मानला नाही. त्यांनी त्याला ऋण मानले. ऋण फेडायचे असते. आज आपल्यापुढे तो काळ नाही. आपल्या घरातली बाई दिवसभर खुरपणी करून येते, आणि तिने धम्मवर्गाला यावे असे वाटत असेल तर संध्याकाळचे पाणी भरणे, भांडी, लेकरांना जेवू घालणे यातले काही घरच्या पुरुषाने उचललेच पाहिजे. पुरुष विहारात भाषण ऐकतो आहे आणि त्याची बायको घरी एकटी राबते आहे, अशा घरात धम्म अर्धाच आला असे समजावे.

मी शिक्षक आहे. आमच्या घरात शिकलेली ही पहिली पिढी. दीक्षा घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षावासात मी मोठ्या उत्साहाने घरी वाचन सुरू केले. रोज एक तास, सर्वांनी हातपाय धुऊन, पांढरे कपडे घालून बसायचे असा नियम केला. नवव्या दिवशी वाचन बंद पडले. मी आईवर चिडलो, की तुला धम्माची गोडी नाही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिनेच तोड काढली. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, की मी भाकरी थापते तेवढ्या वेळात तू चुलीपाशी बसून एक पान वाच, मी ऐकते. परात माझ्या बायकोने पुढे ओढली, पाणी मी भरून ठेवू लागलो, आणि वाचन चालू झाले. कधी एक पान, कधी अर्धे. लग्नसराईत पाहुणे आले तर त्यांच्यादेखत वाचले. ग्रंथ संपायला दोन वर्षावास लागले. पण संपला. आई आता मधेच थांबवून प्रश्न विचारते आणि पुष्कळदा मला उत्तर सुचत नाही.

रमाईंनी आयुष्यभर जे केले, त्याचा एक कण त्या चुलीपाशी मला समजला. मी मोठा नियम केला, तो मोडला. आईने लहान नियम केला, तो टिकला.

तेव्हा येत्या वर्षावासाला मोठे संकल्प करू नका. दिवेलागणीला घरातल्या सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हणा, पाच मिनिटे लागतात. ग्रंथाचे एक पान वाचा. घरातले शाळकरी मूल वाचील. आठवड्यातून एकदा विहारात जा, आणि जाताना शेजारच्या एका घराला बरोबर घ्या. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी खंत करीत न बसता पुढचे पान उघडा.

आणि पालखीच्या दिवसांत? बावीस प्रतिज्ञांशी आपण बांधलेले आहोत, तेथे तडजोड नाही. आपण वारीला जाणार नाही, उपास धरणार नाही. पण उन्हातान्हातून चालत आलेल्या वारकऱ्याला पाण्याचा तांब्या देणे ही मैत्री आहे, त्याने कोणतीही प्रतिज्ञा मोडत नाही. चुलत्यांशी भांडू नका, आत्याचा अपमान करू नका. दारात उभ्या राहिलेल्या सासूबाईंना आत ओढू नका. त्यांच्याजवळ जाऊन उभे राहा. त्यांना सांगा, की पंढरपूरला जायची इच्छा असलेली अशीच एक बाई होती. तिला दाराबाहेर उभे राहावे लागले असते, म्हणून तिच्या नवऱ्याने तिला दुसरे पंढरपूर बांधून देतो असे सांगितले होते. तिची सगळी गोष्ट सांगा. माशांच्या बाजारातले लग्न सांगा, गेलेली चार लेकरे सांगा, शेणाच्या पाट्या सांगा. म्हाताऱ्या बाईला हे फार लवकर समजेल. तिनेही पाट्या वाहिल्या आहेत.

पालखी दोन-चार दिवसांत नीरा ओलांडून पुढे जाईल. मग पौर्णिमा येईल. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता पहिले पान वाचायला घ्या.

जयभीम.